एचडीएमआयवर येतंय, लॅपटॉपची स्क्रीन काळी. ईडीपीचे सगळे लेन ओएल, प्रोसेसर गेला का?

मिरजकर_रिपेर

मंडळी नमस्कार. एका बोर्डाने डोक्याला ताप दिलाय म्हणून धागा काढतोय. इंटेल आठवी जनरेशन, यू सिरीजचा आय फाईव्ह, १५.६ इंची फुल एचडी पॅनल, ३० पिनवालं ईडीपी (बोर्डाकडून पॅनलला चित्र नेणारं कनेक्शन). गिऱ्हाइकाच्या घरी कीबोर्डवर चहा सांडला, नंतर काही दिवस चालला म्हणे आणि मग एकदम स्क्रीन काळी. एचडीएमआय लावलं की टीव्हीवर झकास येतंय, विंडोज चालू, आवाज, वायफाय सगळं ओके. स्क्रीनवर टॉर्च मारून बघितलं, फिकटसुद्धा काही दिसत नाही, म्हणजे नुसती बॅकलाईटची भानगड नाही. पॅनल आणि केबल दोन्ही सेम मॉडेलच्या दुसऱ्या मशीनला लावून बघितलं, तिथे मस्त चालतंय.

बोर्डावर एलसीडी व्हीसीसीला (पॅनलच्या सप्लायला) ३.३ व्होल्ट येतात पण सेकंदभर टिकतात आणि परत झिरो. बॅकलाईटच्या पिनांवर १९ व्होल्ट आहेत, फ्यूज ओके. मग बॅटरी-सप्लाय सगळं काढून, केबल काढून, डायोड मोडला कनेक्टरच्या पिना मोजल्या, लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा पिनेवर, तर लेन झिरो आणि लेन वनच्या (चित्र नेणाऱ्या तारांच्या जोड्या) चारही पिना ओएल (मीटरला पुढे काही जोडलेलंच दिसत नाही), ऑक्सच्या (प्रोसेसर-पॅनल एकमेकांशी बोलतात ती जोडी) दोन्ही पण ओएल. मशीन आधी एका दुकानात जाऊन आलंय, तिथे सांगितलं की प्रोसेसरमधला ग्राफिक गेला, बोर्ड बदला. रीडिंग बघून मलाही तसंच वाटतंय. गिऱ्हाइकाला नाही सांगून टाकू का?

तापकीर_गल्ली

व्हीसीसी येऊन जातोय म्हणजे लोड स्विच आयसी (पॅनलचा सप्लाय चालू-बंद करणारा) वीक आहे भाऊ. तो पाच पायांचा बारका आयसी कनेक्टरजवळ असतो, बदलून टाक, आमच्याकडे स्क्रॅप बोर्डावरून काढलेले ढिगाने पडलेत. नाहीतर सरळ ३.३ चा जंपर मार व्हीसीसीला. आपल्याकडे सगळे तेच करतात.

चिपलेव्हल_काका

थांबा, एवढ्यात बोर्डाचं तेरावं घालू नका. आणि जंपर तर अजिबात मारू नका.

पहिली गोष्ट, ईडीपीमध्ये कनेक्टरवर लेन ओएल दाखवणं हेच नॉर्मल आहे. प्रत्येक लेनच्या प्रत्येक तारेत सिरीजमध्ये एक १०० नॅनोफॅरडचा कॅप (कपॅसिटर) असतो, ऑक्सच्या दोन्ही तारांमध्येसुद्धा असतो. कॅप डीसी जाऊ देत नाही, तुमच्या मीटरचा डायोड मोड म्हणजे डीसीच, मग कनेक्टरच्या बाजूने मोजल्यावर प्रोसेसर दिसणारच कसा? एलव्हीडीएसच्या (ईडीपीच्या आधीच्या पद्धतीच्या) जमान्यात हे कॅप नव्हते, कनेक्टरवर थेट रीडिंग यायचं, त्यामुळे जुन्या सवयीने माणूस तिथेच प्रोब लावतो आणि ओएल आलं की प्रोसेसर गेला म्हणून मोकळा होतो. चांगली चांगली बोर्डं अशीच भंगारात गेलीत राव.

कनेक्टरच्या मागे बारीक तपकिरी कॅप जोडी-जोडीने ओळीत उभे दिसतील, फुल एचडी दोन लेनवालं असेल तर लेनचे चार आणि ऑक्सचे दोन असे सहा. त्यांच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे प्रोसेसरच्या बाजूला, प्रोब लावा. तिथे साधारण ०.३ ते ०.५ मधलं काहीतरी येईल. आकडा बोर्डानुसार बदलतो, त्याच्यात अडकू नका. बघायचं एवढंच की लेनच्या चारही तारा एकमेकींशी जुळतात का, आणि ऑक्सच्या दोन एकमेकींशी जुळतात का. एखादीच वेगळी आली, शून्याकडे गेली किंवा ओएल आली तर मग प्रोसेसरवर संशय घ्या.

उलट गंमत अशी की कनेक्टरच्या बाजूने सगळ्या पिना ओएल आणि एकाच पिनेवर ०.४ आलं तर ती एक पिन चांगली नसते, तिचा कॅप शॉर्ट असतो. काही बोर्डांवर कनेक्टरच्या बाजूला ईएसडी (स्टॅटिकच्या झटक्यापासूनचं) प्रोटेक्शन असतं तिथे मात्र सगळ्याच पिनांवर थोडं रीडिंग येतं, ते वेगळं.

मिरजकर_रिपेर

काका हे डोक्यातच आलं नव्हतं. रात्री मायक्रोस्कोपखाली घेतो. पण मग व्हीसीसी का जातोय? लोड स्विच नाही का?

चिपलेव्हल_काका

व्हीसीसी जातोय कारण प्रोसेसरच तो बंद करतोय. हे नीट समजून घ्या, सगळं डायग्नोसिस याच्यावर आहे.

पॉवर बटण दाबल्यावर प्रोसेसर आधी ईएनव्हीडीडी (पॅनलला सप्लाय द्या म्हणणारा सिग्नल) वर करतो, त्याने लोड स्विच चालू होतो आणि पॅनलला ३.३ मिळतात. पॅनल जागं झालं की स्वतःहून एचपीडीची (मी जागं आहे असं कळवणारी) पिन वर उचलतं, त्याला २०० मिलिसेकंदापर्यंत वेळ असतो. एचपीडी दिसला की प्रोसेसर ऑक्सवरून पॅनलशी बोलतो, तू कोण, किती लेन, किती स्पीड, ईडीआयडी (पॅनलची स्वतःची माहिती) काय. मग लिंक ट्रेनिंग (लेनचा सिग्नल जुळवून घेणं) होतं, लेनवर चित्र सुरू होतं आणि सगळ्यात शेवटी बॅकलाईट इनेबल. यातली कुठलीही पायरी फसली की बायोस (बोर्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) थोडा वेळ प्रयत्न करतो आणि पॅनल नाहीच असं समजून ईएनव्हीडीडी खाली टाकतो. आता मिरजकर तुम्हाला जो सेकंदभराचा व्हीसीसी दिसतोय तो बरोबर हाच आहे. दार वाजवलं, आतून ओ आली नाही, माणूस परत गेला.

लोड स्विच खराब असता तर ईएनव्हीडीडी टिकून राहिला असता आणि व्हीसीसी पडला असता. तेव्हा मीटरचा एक प्रोब ईएनव्हीडीडीवर ठेवून बघा, दोन्ही बरोबरच पडत असतील तर आयसी निर्दोष आहे. तापकीर गल्ली, तुमचा आयसी चांगलाच असेल पण इथे तो बदलून काही होणार नाही. आणि जंपर मारून व्हीसीसी कायमचा दिला तरी चित्र कुठून येणार, ऑक्सवर बोलणंच झालेलं नाही.

तापकीर_गल्ली

बरं बाबा. पण जंपर मारून चाललेली मशीनं मी बघितलीत.

अनुजा_हार्डवेअर

चालतात ना दादा, जिथे खरंच स्विच गेलेला असतो तिथे चालतात. पण मग लॅपटॉप स्लीपला गेला तरी पॅनलला सप्लाय चालूच, आणि पुढच्या वेळी पॅनलचा पॉवर सिक्वेन्स बिघडून दुसरंच काहीतरी सुरू होतं. तोच बोर्ड परत आपल्या टेबलावर येतो आणि जंपर कोणी मारला त्याचा शोध लावत बसायचं.

मिरजकर दादा, एचपीडी मोजलात का? ३० पिनच्या नेहमीच्या पॅनलला १७ नंबरची पिन. १२ आणि १३ व्हीसीसी, ९-१० ऑक्स, ६-७ लेन झिरो, ३-४ लेन वन, २२ बॅकलाईट इनेबल, २३ पीडब्ल्यूएम (ब्राइटनेसचा सिग्नल), आणि २६ ते २९ वर तुमचे ते १९ व्होल्ट. पण हे पॅनलच्या बाजूचे नंबर आहेत हां, बोर्डाचं कनेक्टर प्रत्येक कंपनी आपल्या मनाने करते, कॅमेरा-माईकच्या तारा त्यातच घुसवतात, तेव्हा बोर्डव्ह्यूवर (बोर्डाच्या नकाशावर) नाव बघूनच प्रोब लावा. एचपीडी येतोय का नाही याच्यावरून अर्धं काम होतं. येत असेल तर पॅनल जागं झालंय, व्हीसीसीची तार बरोबर आहे, पुढे ऑक्स बघायचा. येत नसेल तर मागे बघायचं. तुमचा एचपीडी सेकंदभरच येणार त्यामुळे साध्या नजरेने सुटेल, मीटरला मॅक्स होल्ड (सगळ्यात मोठं रीडिंग धरून ठेवणारा मोड) असेल तर तो लावा.

अजून एक, केबल काढता-घालताना बॅटरी काढलीच पाहिजे आणि काढल्यावर पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरायचं. १९ व्होल्ट आणि पीडब्ल्यूएमच्या पिनांमध्ये दोनच मोकळ्या पिना असतात, कनेक्टर तिरकं बसलं की १९ व्होल्ट थेट सिग्नलवर. मग मात्र प्रोसेसर खरंच जातो.

विदर्भी_मल्टीमीटर

अनुजाताई बरोबर बोलून राहिल्या. माझ्याकडे येणाऱ्या नो डिस्प्लेमधली बरीचशी केबल बॅटरी न काढता ओढलेली असतात, घरी यूट्यूब बघून. फ्यूज उडालेला असला तर नशीबवान समजायचं.

ऑसिलोस्कोपवर कोणी बघतं का हे? माझ्याकडे १०० मेगाहर्ट्झचा आहे, लेनवर प्रोब लावला तर नुसता धूर दिसतो.

अनुजा_हार्डवेअर

लेन तुमच्या स्कोपवर दिसणार नाहीत भाऊ, २.७ गिगाबिटचा सिग्नल आहे, वर साध्या प्रोबच्या कपॅसिटन्सनेच लिंक पडते. पण ऑक्स दिसतो! तो फक्त १ मेगाबिटचा आहे, काहीशे मिलिव्होल्टचा. सिंगल ट्रिगर लावून ठेवा, पॉवर बटण दाबा, पल्सांचे गठ्ठे येतात. प्रोसेसरच्या बाजूला गठ्ठे दिसले आणि कॅपच्या पलीकडे नाही दिसले तर उत्तर तिथेच मिळालं. आणि गठ्ठा एकाच आकाराचा परत परत येत असेल तर प्रोसेसर विचारतोय आणि पॅनल उत्तर देत नाहीये असं समजायचं, उत्तर आलं की मागोमाग वेगळ्या उंचीचा दुसरा गठ्ठा दिसतो.

नेटवर्क_नाना

मी रिपेरवाला नाही पण वाचतोय, मध्ये एक विचारतो, धागा भरकटला तर माफी. माझ्या लॅपटॉपला साधी एचडी स्क्रीन होती, १३६६ बाय ७६८ वाली. फुल एचडी आयपीएस मागवली, कनेक्टर तेच ३० पिनचं, मापात बसली, पण काळी. जुनी लावली की चालू. विकणारा म्हणतो तुमचा मदरबोर्ड सपोर्ट करत नाही. खरं का?

चिपलेव्हल_काका

नाना भरकटला नाही, उलट कामाचं विचारलंत. गणित सोपं आहे. १३६६ बाय ७६८ ला पिक्सेल क्लॉक साधारण ७५ मेगाहर्ट्झ, १८ बिटने गुणलं की १.३५ गिगाबिट. एका लेनचा स्पीड २.७ असला तरी एन्कोडिंगमध्ये पाचवा हिस्सा जातो, उरतात २.१६. म्हणजे एचडी एका लेनमध्ये आरामात बसतं. फुल एचडीला क्लॉक १४० च्या आसपास, १८ बिटलाच २.५ गिगाबिट होतात, एका लेनमध्ये मावत नाहीत, म्हणून ती पॅनलं दोन लेनची. ५.४ स्पीडवर एका लेनमध्ये बसेल म्हणा, पण साधी फुल एचडी पॅनलं २.७ चीच असतात.

आता कंपनी काय करते, एचडीवाल्या मॉडेलला केबल एका लेनचीच देते, लेन वनच्या तारा केबलमध्ये नसतातच. कनेक्टर बघून कळत नाही, ३ आणि ४ नंबरची पिन दोन्ही टोकांना कंटिन्युटीवर मोजा, लगेच कळेल. त्याच मॉडेलच्या फुल एचडी व्हर्जनची केबल घातली की बहुतेक वेळा काम होतं. पण कधी कधी बोर्डावर लेन वनचे कॅपसुद्धा बसवलेले नसतात, पॅड रिकामे, तेव्हा ते लावावे लागतात. ४० पिनच्या पॅनलच्या नादी मात्र लागू नका, त्याचा पिनआऊटच वेगळा.

मिरजकर, हीच गोष्ट तुम्हाला टेस्टसाठी वापरता येते. एचडी पॅनल आणि त्याची केबल लावून बघा. त्यावर चित्र आलं आणि फुल एचडीवर नाही आलं तर लेन झिरो, ऑक्स, एचपीडी सगळं पास, फक्त लेन वन मागे लागायचं. एचडीवरही काळं राहिलं तर लेन वनचा विचार सोडून द्या. मी दुकानात एक जुनं एचडी पॅनल एवढ्याचसाठी ठेवलंय.

नेटवर्क_नाना

धन्यवाद काका, केबलच बघतो आधी. विकणाऱ्याला पण हा धागा पाठवतो.

मिरजकर_रिपेर

अपडेट. केलं सगळं, जरा लांबण लागेल.

ईएनव्हीडीडी आणि व्हीसीसी बरोबरच येतात आणि बरोबरच पडतात, म्हणजे लोड स्विच सुटला. एचपीडी मॅक्स होल्डवर ३.२ आला, म्हणजे पॅनल जागं होतंय. एचडी पॅनल लावलं तरी काळंच, त्यामुळे लेन वन बाजूला ठेवला. मग कॅपच्या पलीकडे डायोड मोड: लेनच्या चारही तारा ०.३६, ०.३६, ०.३६, ०.३७. ऑक्स ०.४१ आणि ०.४१. म्हणजे प्रोसेसर ठणठणीत दिसतोय! हे बघून खुर्चीतच उठून बसलो.

मायक्रोस्कोपखाली ऑक्सच्या दोन कॅपपैकी एकाच्या पायाशी हिरवट-काळं काहीतरी धरलंय, वरून बघितलं तर कॅप जागेवर एकदम सरळ दिसतो, ट्वीझरने हात लावला तर एका बाजूने उचलला गेला. चहा कनेक्टरच्या कडेने तिथपर्यंत गेलाय. कॅपॅसिटन्स मोडला बाकी पाच कॅप ९५ ते १०० नॅनोच्या मधे येतात आणि हा काहीच दाखवत नाही. आता प्रश्न, ०२०१ साईजचा आहे, माझ्याकडे स्टॉक नाही, मोठा ०४०२ लावू का? का सरळ सोल्डरने शॉर्ट करून टाकू, एका ओळखीच्याने तसं सांगितलं.

चिपलेव्हल_काका

सापडलं की! शॉर्ट करू नका. कॅप दोन्हीकडचे डीसी लेव्हल वेगळे ठेवायला असतो, प्रोसेसरच्या पिनेवर पॅनलच्या बाजूचं ३.३ वरचं बायस बसलं तर आज चालेल आणि उद्या तुमचा तो ०.४१ वाला पाय खरंच मरेल. ऑक्सवर कनेक्टरच्या बाजूला बऱ्याच बोर्डांवर १०० के चा पुलअप रेझिस्टर ३.३ ला असतो, म्हणूनच सांगतोय.

स्क्रॅप बोर्ड घ्या, कुठल्याही ईडीपीवाल्याचा त्याच जागेचा कॅप काढा, तोच १०० नॅनोचा मिळेल. ०४०२ बसत असेल आणि शेजारच्याला टेकत नसेल तर ऑक्सला चालतो, १ मेगाबिटला काय फरक पडणार. लेनवर मात्र साईज बदलायचा नाही.

पण आधी पॅड बघा. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने सगळं घासून काढा, पॅड खाल्लेला असेल तर नुसता कॅप बसवून महिन्याभरात परत येईल. आणि कनेक्टर. चहा कॅपपर्यंत आलाय म्हणजे कनेक्टरमधून आलाय, १९ व्होल्टच्या पिनांकडे आधी बघा कारण व्होल्टेज जिथे जास्त असतं तिथे गंज सगळ्यात लवकर खातो.

विदर्भी_मल्टीमीटर

अन् त्या आधीच्या दुकानवाल्यानं बोर्ड बदलायला सांगितला होता. दोन पैशाच्या कॅपसाठी.

अनुजा_हार्डवेअर

त्याला तरी काय बोलायचं भाऊ, कनेक्टरवर ओएल आलं की बोर्ड फेल, असंच कोर्समध्ये शिकवतात. मी जिथे शिकले तिथे एलव्हीडीएसच्याच बोर्डावर प्रॅक्टिकल होतं, जोडीच्या दोन पिनांमध्ये पॅनल लावून १०० ओहम आले का, ईडीआयडीच्या क्लॉक आणि डेटावर ३.३ आहेत का, झालं. मजा म्हणजे इंटेलने चौथ्या जनरेशनला, २०१३ मध्ये, एलव्हीडीएस काढूनच टाकलं. त्यानंतरच्या ज्या मशीनला एलव्हीडीएस पॅनल आहे त्यात मध्ये एक कन्व्हर्टर चिप असते, रिअलटेकची आरटीडी२१३२ वगैरे. त्या बोर्डांवर कनेक्टरला एलव्हीडीएसचं रीडिंग येतं पण ते प्रोसेसरचं नसतं, त्या चिपचं असतं! प्रोसेसर मेला तरी तिथे रीडिंग छान.

आणि मिरजकर दादा, कोणी बायोस मारला (नवीन फाईल चढवली) होता का मध्ये? आधीच्या दुकानात? एचडीएमआय चालू आणि आतली स्क्रीन काळी याचं ते पण एक कारण असतं, ईडीपीचे लेन किती आणि स्पीड किती हे बायोसमध्ये लिहिलेलं असतं, दुसऱ्या व्हर्जनच्या बोर्डाची फाईल मारली की सगळं हार्डवेअर ठीक असून काळं राहतं. कॅप बदलून नाही आलं तर तिकडे बघा.

मिरजकर_रिपेर

आलं!!!

स्क्रॅपमधून ०२०१ काढला, तो बसवताना दोनदा उडाला (हवा कमी करा रे, माझ्यासारखं करू नका). पॅड अर्धा शिल्लक होता, टिनिंग करून (सोल्डरचा थर देऊन) धरला. कॅप बसवल्यावर ९७ नॅनो दाखवतोय. कनेक्टर आयपीएने धुतलं, काकांनी सांगितल्याप्रमाणे १९ व्होल्टच्या शेवटच्या पिनेचं प्लेटिंग गेलेलं होतं, काळी पडलेली, बाकी तीन पिना चांगल्या आहेत. केबलच्या टोकाला पण तीच पिन काळी. फुल एचडी पॅनल लावलं, लोगो आला, विंडोज आलं, फुल रिझोल्यूशन. बायोस कोणी मारलेला नव्हता.

आता विचारायचं असं की कनेक्टर बदलू का तसाच ठेवू? चार पिनांवर करंट वाटला जातो, तीनवर चालतंय आत्ता.

चिपलेव्हल_काका

बदला. तीन पिनांवर चालेल हो, पण काळी पडलेली पिन तिथेच थांबत नाही, शेजारची पण धरते, आणि त्याच दिशेला पुढे पीडब्ल्यूएम आहे. केबल पण नवीन टाका, नव्या कनेक्टरला जुनी गंजकी केबल लावली तर काय उपयोग. गिऱ्हाइकाला बोर्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतंय, नाही म्हणणार नाही.

तापकीर_गल्ली

कनेक्टर पिच ०.५ का ०.४ ते मोजून सांग, बोर्डावरचा फोटो पण टाक, दोन्ही आहेत माझ्याकडे, एसटीच्या पार्सलने सांगलीला उद्या मिळेल.

विदर्भी_मल्टीमीटर

मिरजकर भाऊ बोर्डाचा नंबर पण टाकून ठेव इथे, अन् चांगल्या झालेल्या बोर्डाची कॅपच्या आतल्या बाजूची सगळी रीडिंग. माझ्याकडे सेम सिरीज पडून आहे, तिचा एचपीडीच येत नाही.